लाकूड वाजतं की तार? गिटारवाल्यांच्या एका भांडणाचा इतिहास

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. गिटारचा आवाज तिच्या लाकडावर अवलंबून असतो का? महोगनीची गिटार 'उबदार' वाजते, ॲशची 'खणखणीत', मेपलची 'चमकदार', असं दुकानदार सांगतो. कंपनीच्या माहितीपत्रकात तेच छापलेलं असतं. तीस वर्षं स्टेजवर वाजवलेला माणूसही तेच शपथेवर सांगतो. दुसरी पार्टी म्हणते, हे सगळे मनाचे खेळ आहेत, पिकअप आणि ॲम्प्लिफायर सोडून बाकी सगळं फर्निचर. या वादाला 'टोनवुड'चा वाद म्हणतात. यूट्यूबवर हा शब्द टाकून बघा, दिवाळीची सुट्टी संपेल पण व्हिडिओ संपणार नाहीत.

हा ब्लॉग वाचणारे बरेच जण नेट, सेट किंवा पेटची तयारी करतायत. तुमच्याकडून दोन प्रश्न सारखे येतात. चांगला रिसर्च क्वेश्चन ओळखायचा कसा? आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ किंवा एखादा पॉडकास्ट 'सोर्स' म्हणून धरता येतो का? दोन्ही प्रश्नांवर कोरडं लेक्चर देता येईल, पण या भांडणात दोन्हींची उत्तरं सापडतात. शिवाय माझा विषय मटेरियल सायन्स आणि संध्याकाळचा उद्योग गिटार, त्यामुळे लिहायला मला मजा येणार आहे.

आधी थोडं फिजिक्स. साधी, म्हणजे अकूस्टिक गिटार घ्या. तार छेडली की तिचं कंपन ब्रिजमधून (आपल्या तंबोऱ्याची घोडी असते ना, तेच काम) वरच्या पातळ फळीत जातं. ती फळी हवा हलवते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. इथे लाकूड स्वतःच वाजतं, त्यामुळे वरची फळी कसली आहे याला महत्त्व आहे, यावर फारसं कोणी भांडत नाही. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिच्या तारांखाली पिकअप असतो: चुंबक, आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं, विद्युतदाब तयार होतो आणि तो ॲम्प्लिफायरकडे जातो. बारावीचा फॅराडे, दुसरं काही नाही. पिकअपला हवेतला आवाज ऐकू येत नाही, त्याला फक्त तारेची हालचाल 'दिसते'.

मग यात लाकूड शिरतं कुठून? मुख्यतः एकाच वाटेने. तार ज्या दोन टोकांना टेकलेली असते, ती टोकं पूर्ण स्थिर नसतात. ती किंचित हलतात आणि तारेची थोडी ऊर्जा खातात. कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती ऊर्जा खाल्ली जाते, हे लाकडाच्या वजनावर आणि कडकपणावर अवलंबून असू शकतं. म्हणजे लाकडाचा परिणाम *शक्य* आहे, आणि फिजिक्स त्याला सरळ नकार देत नाही. पण तो किती आहे? आणि पिकअप दोन मिलिमीटर वर-खाली केल्याने जो फरक पडतो, त्याच्या तुलनेत किती? 'होतं का' आणि 'कशाच्या तुलनेत किती होतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या मते हे भांडण इतकी दशकं टिकलं, कारण बहुतेकांनी पहिलाच प्रश्न विचारला.

आता इतिहासाकडे. इलेक्ट्रिक गिटारची सुरुवात कुठे झाली? बहुतेक पुस्तकांत लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बोशाँ या वादकाचं नाव सापडतं. त्याच्या कल्पनेवरून रिकनबॅकरने १९३२ मध्ये बाजारात आणलेली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाईयन पद्धतीची होती. गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून तिचं नाव पडलं 'फ्राइंग पॅन'. पेटंटचा अर्ज १९३४ चा, मंजुरी १९३७ ची. आमच्या वादाच्या दृष्टीने यातली मोठी गंमत अशी की ती गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. व्यापारी यश मिळवणारी पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणून जिचं नाव घेतात, तिच्या अंगात लाकूडच नव्हतं.

'पहिली' हा शब्द मी जरा बिचकतच लिहिला, आणि ते बिचकणं मला एका पॉडकास्टने शिकवलं. अँड्र्यू हिकी हे ब्रिटिश लेखक ऑक्टोबर २०१८ पासून 'अ हिस्टरी ऑफ रॉक म्युझिक इन फाइव्ह हंड्रेड साँग्ज' नावाचा पॉडकास्ट करतात. पाचशे गाण्यांतून रॉक संगीताचा इतिहास सांगायचा, असा पण आहे. सुरुवातीचे भाग अर्ध्या तासाचे होते, आता एकेक गाणं कित्येक तास चालतं. त्यांचं म्हणणं ते पुन्हा पुन्हा मांडतात: कुठल्याच गोष्टीला 'पहिली' म्हणता येत नाही, प्रत्येक पहिलीच्या मागे आणखी एक निघते. म्हणूनच पहिल्या भागात ते पहिलं रॉक गाणं शोधत बसत नाहीत. ते १९३९ च्या बेनी गुडमन सेक्स्टेटपासून सुरुवात करतात, ज्यात चार्ली ख्रिश्चन इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. प्रत्येक भागाची पूर्ण लिखित संहिता आणि कुठली पुस्तकं वापरली याची माहिती ते सोबत देतात. दोन आठवणी एकमेकींशी जुळत नसतील तर तसं स्पष्ट सांगतात, आणि आपण कुठली धरली व का, हेही सांगतात. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे काय हे ज्याला अजून कळलेलं नाही, त्याने यातले चार भाग ऐकावेत. आमच्या कोर्सवर्कमधल्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरपेक्षा ते नक्कीच जास्त लक्षात राहतील.

लाकडावर खऱ्या अर्थाने पहिला प्रयोग (बघा, पुन्हा 'पहिला'!) केला लेस पॉल या वादकाने, १९४०-४१ च्या सुमारास. न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनीच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याने चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा ओंडका घेतला, त्याला गिटारचा दांडा लावला, तारा ताणल्या आणि पिकअप बसवला. तिचं नाव 'द लॉग', म्हणजे ओंडकाच. त्याला पोकळ गिटारचा एक त्रास घालवायचा होता. पोकळ अंग स्वतः कंप पावतं, स्पीकरच्या आवाजाने आणखी घुमतं आणि स्टेजवर फीडबॅकची शिट्टी वाजते. अंगच ठोकळा केलं की तारेला निवांत वाजता येईल, असा त्याचा विचार होता. म्हणजे लाकडाने *वाजू नये* म्हणून तो ओंडका आला! पुढे याच माणसाच्या नावाच्या गिटारमधल्या लाकडाच्या 'गाणाऱ्या' गुणांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली, हा इतिहासाचा विनोद.

लेस पॉल नंतर मुलाखतींत एक किस्सा सांगायचा. तो ओंडका घेऊन कार्यक्रमाला गेला तर लोकांनी काही दाद दिली नाही. मग त्याने एक गिटार उभी कापली आणि तिचे दोन्ही अर्धे भाग ओंडक्याच्या बाजूंना चिकटवले, निव्वळ दिसायला. तीच तार आणि तोच पिकअप, पण आता लोक खूश. लोक डोळ्यांनी ऐकतात, असा त्याचा निष्कर्ष. किस्सा त्याच्याच तोंडचा आहे आणि तो पट्टीचा गोष्टीवेल्हाळ होता, त्यामुळे मीठ तपासून घ्या. पण ओंडका आणि त्याचे ते चिकटवलेले पंख खरे आहेत.

गिब्सन कंपनीने आधी त्याच्या कल्पनेची टर उडवली. पण १९५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने ठोकळ्याच्या अंगाची गिटार बाजारात आणली आणि ती खपायला लागली, तेव्हा गिब्सनला जाग आली. फेंडरचे सुरुवातीचे नमुने पाइनचे होते, नंतर ॲश आणि १९५६ पासून बऱ्याच गिटारींना आल्डर. हा माणूस मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. बाजारात काय सहज मिळतं, काय चांगलं कापलं जातं, कशावर रंग नीट बसतो, हे त्याचे प्रश्न होते. गिब्सनची 'लेस पॉल' गिटार आली १९५२ मध्ये. महोगनीचं अंग आणि वर मेपलचा कोरलेला थर. तिच्या रचनेत लेस पॉलचा वाटा किती आणि गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांचा किती, यावर दोघांनी आयुष्यभर वेगवेगळं सांगितलं. मला मात्र एकच तपशील महत्त्वाचा वाटतो: तो मेपलचा थर त्यांनी सोनेरी रंगाखाली झाकून टाकला होता. लाकूड दाखवायचंच नव्हतं.

लाकूड दिसायला लागलं १९५८ मध्ये, जेव्हा त्याच गिटारला पारदर्शक लाल-पिवळी 'सनबर्स्ट' छटा दिली गेली. ती फारशी खपली नाही आणि १९६० नंतर त्या रूपातलं उत्पादन थांबलं. मग १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबरच्या अल्बमवर एरिक क्लॅप्टनने तसली गिटार वाजवली आणि सगळं चित्र पालटलं. अनेकांना तोच आवाज हवा झाला. पण गिटारी मोजक्या होत्या आणि कंपनी तशा बनवत नव्हती. आज त्या मूळ गिटारी लाखो डॉलरला जातात. आता विचार करा, साठ वर्षं जुनी वस्तू नवीपेक्षा शंभर पट महाग आहे, तर त्या फरकाचं कारण लोकांना हवं असणार. सर्किट तर कोणीही नक्कल करेल. नक्कल होत नाही असं काय उरतं? 'तेव्हाचं लाकूड.' हे माझं वाचन आहे, सिद्ध केलेलं नाही. पण लाकडाची महती किमतीनंतर वाढली, आधी नव्हे, एवढं या क्रमावरून दिसतं.

या गोष्टीत आपला सह्याद्रीही आहे, तो असा. आजीच्या घरी शिसवी पलंग किंवा शिसवी देवघर असायचं ना? ते शिसव, म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, जगभर 'इंडियन रोझवुड' म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेची मार्टिन कंपनी आपल्या गिटारींच्या पाठीला आणि बाजूंना ब्राझीलचं रोझवुड वापरायची. ते मिळणं अवघड झाल्यावर १९६९ मध्ये ती शिसवाकडे वळली. इलेक्ट्रिक गिटारींच्या दांड्यावरच्या पट्टीलाही, जिच्यावर बोटं दाबतात, शिसव लागतं. १९९२ मध्ये ब्राझीलच्या रोझवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद झाला. २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराखाली डाल्बर्जियाच्या सगळ्या जातींवर निर्बंध आले आणि गिटार परदेशी पाठवायलाही कागदपत्रं लागू लागली. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींना रोझवुडऐवजी पाउ फेरो हे दुसरं लाकूड लावायला सुरुवात केली, तर ग्राहकांची आरडाओरड झाली: आवाज बिघडणार! नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सवलत मिळाली, लाकडावरचे निर्बंध राहिले. त्यामुळे 'लाकडाने किती फरक पडतो' हा रिकामटेकड्यांचा प्रश्न राहत नाही. उत्तर 'फार नाही' असं असेल, तर शिसवाचं झाड जंगलात उभं राहू शकतं.

मग इतकी वर्षं कोणी मोजलं का नाही? अगदीच नाही असं नाही. वाद्यावर शास्त्रीय प्रयोग करताना वाजवणारा माणूस हाच मोठा व्हेरिएबल असतो, हे आपल्या सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. कलकत्त्यात १९२० च्या सुमारास त्यांनी व्हायोलिन यंत्राने वाजवण्याची व्यवस्था बनवली: गजाचा वेग ठरलेला, दाब ठरलेला, मग एकेक गोष्ट बदलून बघायची. त्याच काळात त्यांनी तंबोऱ्याच्या जवारीवरही काम केलं. तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू येतो, तो हार्मोनिक नियमाप्रमाणे ऐकू यायला नको, पण तंबोऱ्यात येतो. का? तर तार घोडीच्या वक्र पृष्ठभागाला घासत, टेकत, सुटत राहते म्हणून. मिरजेचा कारागीर घोडीखाली सूत सरकवून जे कानाने साधतो, त्याचं हे फिजिक्स. गिटारच्या वादात मात्र रामन यांच्यासारखी शिस्त बराच काळ बाजाराबाहेरच राहिली. विकणाऱ्याला मोजायची गरज नव्हती, आणि ज्याने पैसे मोजले होते त्याला मोजायची भीती होती.

इथे येतो माझा आवडता चॅनेल. जिम लिल हा नॅशव्हिलमधला गिटारवादक. त्याच्याकडे एक महागडी गिटार होती आणि तिच्यासारखाच आवाज स्वस्त गिटारमधून काढायचा, एवढीच त्याची इच्छा. २०२१-२२ च्या सुमारास त्याने इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज येतो कुठून, हे तपासणारा एक व्हिडिओ टाकला. त्याची पद्धत शाळकरी वाटावी इतकी सरळ आहे. दोन गिटारी, दोन्हींतला एकच भाग बदलायचा, तेच वाजवायचं, रेकॉर्ड करायचं, शेजारी शेजारी ऐकवायचं. दांडा बदलला, फरक? अंग बदललं, फरक? असं करत करत शेवटी तो गिटारच काढून टाकतो. दोन जड आधारांमध्ये नुसत्या तारा ताणतो, दांडा नाही, अंग नाही, खाली ठरलेल्या अंतरावर तोच पिकअप. आणि वाजवतो. ते वाजतं त्या महागड्या गिटारसारखं.

त्याला फरक सापडला तो दुसरीकडेच: पिकअप तारेच्या लांबीत नेमका कुठे आहे आणि तारांपासून किती खाली आहे. हे फिजिक्सशी जुळतं. फेंडरच्या गिटारवर मोकळ्या तारेची लांबी साधारण ६४८ मिलिमीटर असते. ब्रिजपासून १६२ मिलिमीटरवर, म्हणजे पाव लांबीवर पिकअप ठेवला तर मोकळ्या तारेच्या चौथ्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू बरोबर त्याच्या डोक्यावर येतो. तार तिथे त्या कंपनात हलतच नाही, मग पिकअपला काय दिसणार? पिकअप थोडा सरकवा, चौथा हार्मोनिक परत येतो. म्हणजे जागेतला लहानसा बदल आवाजाचा पोतच बदलू शकतो. दोन कंपन्यांच्या दोन गिटारींत पिकअप वेगवेगळ्या जागी असतात आणि लाकूडही वेगवेगळं असतं. आपण फरक ऐकतो आणि श्रेय देतो लाकडाला, कारण लाकूड डोळ्यांना दिसतं आणि ते मिलिमीटर दिसत नाहीत. स्टॅटिस्टिक्समध्ये याला कन्फाउंडिंग म्हणतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे उदाहरण लक्षात ठेवा, व्हायवात उपयोगी पडेल.

पण म्हणून व्हिडिओ म्हणजे पेपर नव्हे. माझ्या गाईडसमोर हा प्रयोग ठेवला तर पाच मिनिटांत तीन प्रश्न येतील. वाजवणारा तोच आणि आपण काय वाजवतोय हे त्याला माहीत आहे, मग हात नकळत जुळवून घेत नाहीत कशावरून? प्रत्येक गोष्ट किती वेळा करून पाहिली? आणि ऐकणाऱ्याला 'आता हे, आता ते' असं सांगून ऐकवलं की त्याचा कान किती प्रामाणिक राहतो? लिलची बाजू अशी की तो पद्धत उघडी ठेवतो. काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे कॅमेऱ्यासमोर दिसतं, आणि कोणीही दोन टेबलं आणून ते परत करून बघू शकतो. 'मला असं वाटतं' म्हणत वीस मिनिटं बोलणाऱ्या चॅनेलांच्या गर्दीत हे फार मोठं आहे.

ब्लाइंड टेस्टचा प्रश्न जर्नलवाल्यांनी सोडवला, आणि त्यांचं हत्यार होतं वेल्डिंगचे गॉगल. २०१० मध्ये इंडियानापोलिसला एका हॉटेलच्या खोलीत क्लाउडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांच्या गटाने २१ व्हायोलिनवादकांना गॉगल घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली, तीन नवी आणि तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस. जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून वाद्यांना अत्तराचा थेंबही लावला होता! सगळ्यांत कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हेरियसला मिळाली. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या सॅम्युएले कार्काग्नो आणि सहकाऱ्यांनी हाच प्रकार अकूस्टिक गिटारवर केला. एकाच कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या, बाकी सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझीलचं रोझवुड, आपलं शिसव, महोगनी, मेपल, सॅपेले, अक्रोड. ५२ गिटारवादक, मंद प्रकाश, डोळ्यांवर गॉगल. आवाजाच्या दर्जाला दिलेले गुण सगळ्या गिटारींना जवळजवळ सारखेच. दुर्मिळ लाकूड वरचढ ठरलं नाही. मात्र हा निकाल पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाबद्दल आहे, वरच्या फळीबद्दल नाही. कोणी 'लाकडाने काहीच फरक पडत नाही हे सिद्ध झालं' म्हणून हा पेपर दाखवला, तर त्याने फक्त बातमी वाचलीय असं समजा.

आणि इलेक्ट्रिक गिटार? इथे निकाल एकमेकांशी भांडतात. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान झ्विकर यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की काही ठरावीक फ्रेटवर स्वर लवकर विझतो. गिटारवाले त्याला 'डेड स्पॉट' म्हणतात. त्याचं कारण मुख्यतः दांडा त्या फ्रीक्वेन्सीला स्वतः हलतो, हे आहे. ब्रिजकडचं जाड अंग त्या मानाने दगडासारखं असतं. म्हणजे लाकूड बोलत असेलच तर दांड्यातून बोलतं, अंगातून फारसं नाही. पण २०२१ मध्ये पोलंडच्या यान यासिन्स्की आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, 'आर्काइव्ह्ज ऑफ अकूस्टिक्स'मध्ये. त्यांनी सोपी केलेली गिटार बनवली, वेगवेगळ्या जातींचं लाकूड लावलं, आणि त्यांना फरक मोजता आला. एवढंच नाही, ऐकणाऱ्यांनाही तो कळला.

आता काय करायचं? व्हिडिओवाला म्हणतो फरक नाही, पीअर-रिव्ह्यू झालेला पेपर म्हणतो आहे. नवा विद्यार्थी इथे बहुतेक वेळा जर्नलचं नाव बघून मोकळा होतो. तसं करू नका. दोघांनी एकच गोष्ट मोजली का ते बघा. सोप्या केलेल्या रचनेत लाकडाला तारेच्या कंपनावर परिणाम करायला जी संधी मिळते, ती खऱ्या गिटारमधल्या जाड अंगाला मिळतेच असं नाही. लिलने उलट टोक गाठलं: जड, हलता न येणारे आधार, म्हणजे परिणाम शून्याच्या जवळ नेऊन ठेवला. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असू शकतात. माझा स्वतःचा कल असा आहे की विकत मिळणाऱ्या गिटारमध्ये अंगाच्या लाकडाचा परिणाम असेल, पण पिकअपच्या जागेपुढे आणि उंचीपुढे तो किरकोळ ठरेल. मात्र हा कल आहे, निष्कर्ष नाही. तो निष्कर्ष व्हायचा असेल तर प्रयोग असा हवा: एकच दांडा, एकच पिकअप, एकच ब्रिज, आणि अंगं अदलाबदल करायची. त्यात एकाच जातीच्या लाकडाची निदान चार-पाच अंगं हवीत, कारण दोन शिसवांमधला फरक शिसव आणि आंब्यामधल्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो. तार यंत्राने छेडायची, रामन यांच्यासारखी. पिकअपची उंची मिलिमीटरच्या भागात मोजून लिहायची. आणि ऐकणाऱ्याला काहीच सांगायचं नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला पुरेल इतकं हे काम आहे आणि खर्च मुख्यतः सुताराचा.

संदर्भ म्हणून व्हिडिओ वापरण्याबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. रिक बिआटो हे नाव गिटारवाल्यांना सांगायला नको. गाणं सुटं करून, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकवत त्यातलं मर्म दाखवणारी त्यांची मालिका प्रसिद्ध आहे. पण कॉपीराइटच्या दाव्यांमुळे असे व्हिडिओ अडतात किंवा काढले जातात. २०२० मध्ये बिआटो यांनी अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे याबद्दल साक्षही दिली. तुम्ही थिसिसमध्ये व्हिडिओचा हवाला दिलात आणि परीक्षकाने उघडेपर्यंत तो गायब झाला, तर तुमच्या हातात काय राहतं? म्हणून व्हिडिओ ज्या दिवशी पाहिला ती तारीख, कितव्या मिनिटाला काय आहे, आणि त्यात नेमकं काय केलेलं दिसतं याची दोन ओळींची नोंद, हे तिथल्या तिथे वहीत लिहा. हिकींसारखी लिखित संहिता मिळत असेल तर ती उतरवून ठेवा.

सुरुवात करायची असेल तर हिकींच्या पॉडकास्टमधला लेस पॉल आणि मेरी फोर्डवरचा भाग आधी ऐका आणि मग लिलचा तो व्हिडिओ बघा. पॉडकास्ट बसमध्ये चालेल. व्हिडिओ मात्र हेडफोन लावून बघा, मोबाईलच्या स्पीकरवर सगळ्याच गिटारी सारख्या वाजतात.